एका पुडक्यात सहा भाषांची संक्रांत: शुभेच्छापत्रांच्या संचाचं परीक्षण

शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची माणसं कामाला आहेत आणि निपाणी-चिकोडीकडची कानडी मंडळी कोल्हापुरात रोज ये-जा करतात. अशा ठिकाणी सगळ्यांना ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ छापलेलं एकच कार्ड वाटणं अपुरं पडतं. महाद्वार रोडजवळच्या एका छपाईवाल्यानं यासाठी मराठी, कन्नड, तमिळ, पंजाबी, गुजराती आणि हिंदी अशा सहा कार्डांचा संच काढला आहे. संच घ्यावा असाच आहे, पण कागदावरचा प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, बघितल्याशिवाय ऑर्डर पक्की करू नका.

सगळ्यात देखणं कार्ड कन्नडचं. ‘एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडु’ असा मजकूर, आणि चित्रात आपला लाडू न चिकटवता तीळ, गुळाचे खडे, सुक्या खोबऱ्याचे काप, शेंगदाणे, डाळं आणि साखरेचे साचे काढलेत. तिकडे हेच मिश्रण उसासोबत वाटतात, म्हणजे चित्रकारानं अभ्यास केलाय. मात्र गोची याच मजकुरात आहे. एळ्ळु, बेल्ल, ओळ्ळे या तिन्ही शब्दांत जोडाक्षर आहे आणि कन्नडमध्ये दुसरं अक्षर खाली लटकतं. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की फॉन्ट बदलतो, खालचं अक्षर सुटून शेजारी जाऊन बसतं. मजकूर कर्व्हमध्ये करूनच, म्हणजे अक्षरांची आकृती बनवूनच, फाइल द्यायला सांगा आणि प्रूफ कन्नड वाचणाऱ्याकडून तपासून घ्या. मोबाइलवर आलेल्या फोटोवर हो म्हणू नका.

पंजाबी कार्डावर थेट चूक आहे. लोहडीखाली १४ जानेवारी छापलंय. लोहडीची शेकोटी पेटते ती आदल्या रात्री, आणि दुसऱ्या दिवशी तिकडे माघी, म्हणजे त्यांची संक्रांत, असते. तमिळ कार्डावर उतू जाणारं मडकं आणि ‘इनिय पोंगल नल्वाळ्तुक्कळ्’, दोन्ही बरोबर. पण सण भोगी, थै पोंगल, माट्टु पोंगल, काणुम पोंगल असा चार दिवसांचा, तिथं एकच तारीख कशाला? खुद्द संक्रांतही २०२४ साली १५ जानेवारीला आली होती. तारीख काढूनच टाकायला सांगा, उरलेली कार्डं पुढच्या वर्षी चालतील. गुजराती उत्तरायण ठीक. हिंदी कार्डावर नुसती ‘मकर संक्रांति’ आहे. पूर्वांचल-बिहारकडे या सणाला खिचडी म्हणतात, तो शब्द हवाच होता. ओडिया कार्ड नाही, ही या संचातली खरी उणीव.

रंगाचंही बघा. काळ्या कार्डावर पांढऱ्या हलव्याची नक्षी मराठी घरात शोभते, कारण संक्रांतीला आपण काळं नेसतो. तोच काळा लोहडी-पोंगलच्या कार्डांना वापरलाय, तो बदलून पिवळा किंवा केशरी घ्या. इतरत्र सणाला काळं शुभ मानत नाहीत.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) आर्ट कार्ड, दणकट. पण घडीच्या जागी आधी क्रीझ (दाबून पाडलेली खाच) मारली नाही तर काळी शाई तडकून पांढरी रेघ उमटते, तेव्हा क्रीझिंग बिलात लिहून घ्या. लॅमिनेशन फक्त बाहेरून करा, आतल्या बाजूवर पेननं सही उठायला हवी.

कार्डाला तिळगुळाची छोटी पिशवी चिकटवून मिळते. साध्या गुळाचा मऊ लाडू नको: दाण्याच्या कुटाचं तेल सुटतं आणि पिशवीच्या तोंडातून कार्डावर डाग पडतो. चिक्कीच्या गुळाची वडी गठ्ठ्याच्या दाबानं मोडते. काटेरी हलवा घट्ट बंद पिशवीत भरला तर काही होत नाही.

ऑर्डर डिसेंबरातच द्या. मराठी कार्डं रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवात वाटता येतात, लोहडीची मात्र १३ तारखेच्या संध्याकाळपर्यंत हातात पडायला हवीत. तो गठ्ठा वेगळा बांधून आधी मागून घ्या.