लांबच्या सागरी सफरीसाठी नकाशे: कागदी की इलेक्ट्रॉनिक?

रात्री, पावसात, किनाऱ्याजवळ इलेक्ट्रॉनिक नकाशाला तोड नाही. बोट नेमकी कुठे आहे ते पडद्यावर दिसतं, एआयएसमुळे (जहाजं आपलं स्थान रेडिओवरून कळवतात ती यंत्रणा) आसपासची जहाजंही. पण झूम कमी केलं की खडक गायब होऊ शकतात. २०१४च्या व्होल्व्हो ओशन रेस या शिडाच्या बोटींच्या जगप्रदक्षिणा शर्यतीत 'टीम वेस्टास विंड' ही बोट हिंदी महासागरातल्या कार्गादोस काराजोस प्रवाळखडकांवर आदळली, त्यामागे हेही एक कारण होतं. कागदावर सगळा टापू एका नजरेत येतो, बॅटरी संपली तरी अडत नाही. मात्र दुरुस्त्या हातानं कराव्या लागतात, गठ्ठाही सांभाळावा लागतो.

मी रोजचं काम पडद्यावरच करेन, पण महासागराचे कागदी नकाशे सोबत हवेतच. दर काही तासांनी त्यावर पेन्सिलीनं स्थान मांडावं. मात्र ज्या बेटांचं सर्वेक्षण जीपीएस येण्याआधी झालंय, त्यांच्यापाशी दोन्ही नकाशांत तीच जुनी चूक असू शकते.