ट्रॉली जॅक घ्यावा की बॉटल जॅक?

भाच्याने विचारलं, मामा घरीच ब्रेक पॅड बदलायचे आहेत, जॅक कोणता घेऊ? नागपूरच्या इतवारी बाजारात दोन्ही मिळतात, डब्यावरचे टनाचे आकडे पाहून भुलू नको.

बॉटल जॅक म्हणजे बाटलीसारखा उभा जॅक, स्वस्त, डिकीत मावतो, पण मुळातच उंच, टायर बसलेल्या हॅचबॅकखाली बरेचदा शिरतच नाही, आणि बूड अरुंद म्हणून गाडी जराशी हलली की कलंडायची भीती. ट्रॉली जॅक म्हणजे चाकांवरचा आडवा जॅक, महाग आणि जड, पण बुटका, रुंद, पटकन उचलतो. फक्त उचलताना त्याची चाकं थोडी सरकावी लागतात म्हणून कडक सपाट फरशीच पाहिजे, मातीच्या अंगणात तो बेकार.

आणि भाऊ, नागपूरच्या मे महिन्यात डांबरावर कोणताच लावू नको, ४५ डिग्रीत डांबर नरम पडतं नि जॅक रुततो. जॅकमधलं तेल अडवणारं सील कधीही दगा देऊ शकतं, म्हणून नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही म्हणजे नाही, उचललेल्या गाडीचं वजन पेलणारा स्टँड लाव, गाडी सरकू नये म्हणून बाकीच्या चाकांना गुटके लाव. स्टँडऐवजी विटा तर अजिबात नको, त्या फुटतात.

घरी फरशीचं पार्किंग असेल, काम नेहमीचं असेल तर ट्रॉली आणि स्टँडची जोडी. उंच जीप, पिकअप असेल किंवा जॅक गाडीतच ठेवायचा असेल तर बॉटल.