ग्लोब सुंदर, पण त्यावर नागपूर नाही

नातीच्या वाढदिवसासाठी सीताबर्डीच्या एका दुकानातून आत दिवा असलेला, परदेशी बनावटीचा ग्लोब घेतला. 1,850 रुपये. छपाई सुरेख, हिमालय बोटाला खरखरीत लागतो. दिवा लावला की ती तासभर हलत नाही.

पण भारतावर शहरं मोजून सहा! त्यात आग्रा आहे, ताजमहालाच्या चित्रासकट. नातीनं मधोमध बोट ठेवून विचारलं, "आबा, आपण कुठे?" बोटाखाली नुसता पिवळा रंग. ज्या गावात झिरो माइलचा दगड उभा आहे, जे 1956 पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, ते नाही. मला फार लागलं ते.

मग घरात विचारलं, तुर्कस्तानची राजधानी कोणती? सगळे म्हणाले इस्तंबूल. अंकारा आहे, 1923 पासून. ऑस्ट्रेलियाला सिडनी म्हणाले, कॅनबेरा कोणालाच आठवेना. म्हणजे ग्लोब बनवणाऱ्यांसारखं आपल्यालाही गाजलेलंच शहर आठवतं. उलट दीक्षाभूमीवर मला भेटलेल्या जपानी पाहुण्यांना आग्र्यापेक्षा नागपूर जवळचं होतं. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला इथे धम्मदीक्षा घेतली, हे त्यांना तोंडपाठ. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिरही ते पाहून आले होते.

स्टँड जरा डगमगत होता. दुकानदारानं मात्र कुरकुर न करता बदलून दिला. पाचपैकी तीन तारे. नातीनं लाल पेनानं नागपूरचा ठिपका दिलाय. घेणार असाल तर दुकानातच दिवा लावून आपलं गाव शोधा.