अंगणातला वाय-फाय कॅमेरा: पावसाळ्यापासून शिगम्यापर्यंतचा अनुभव

गोव्यातल्या सावई-वेऱ्याच्या आमच्या कुळागरातील (सुपारी-नारळाच्या बागेतील) घरात आई एकटी राहते आणि आम्ही भावंडे नोकरीमुळे बाहेर असतो, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर एक कॅमेरा अंगणाकडे आणि एक घराच्या आतल्या चौकात, म्हणजे राजांगणात, बसवून घेतला. रात्रीचे चित्र स्वच्छ असते, कोणी आल्याची सूचना फोनवर लगेच येते, आणि वीज गेली तरी राउटरला जोडलेल्या लहान यूपीएसवर तो काही वेळ तग धरतो. याविषयी माझी तक्रार नाही. परंतु घरातले दृश्य इंटरनेटवर नेणारे उपकरण घेताना ते दृश्य आणखी कोणाच्या हाती जाऊ शकते हे आधी पाहायला हवे, आणि या महिन्यांत माझे लक्ष मुख्यतः तिकडेच राहिले.

कॅमेरा सुरू करताना ॲपने नवा पासवर्ड ठेवल्याशिवाय पुढे जाऊच दिले नाही, ही चांगली गोष्ट आहे. २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक नाव-पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे, त्यांचे चित्रण साठवणारे डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांनी संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डिन’ या कंपनीवर केलेल्या माऱ्यामुळे ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांना काही तास मिळाल्या नाहीत. ती प्रणाली उपकरणाच्या तात्पुरत्या स्मृतीत राहत असे. उपकरण बंद करून सुरू केले की ती जाई, पण पासवर्ड तोच राहिला तर थोड्याच वेळात पुन्हा शिरे.

बसवायला आलेल्या कामगाराने खाते स्वतःच्या मोबाइलवरून उघडून देण्याची तयारी दाखवली. त्याचा हेतू सोय करून देण्याचाच होता, आणि आपल्याकडे वयस्कर माणसांच्या घरी सर्रास असेच होते. पण ज्याच्या क्रमांकावर खाते, तोच कॅमेऱ्याचा खरा मालक ठरतो. मी खाते माझ्या नावावर उघडले, भावाला फक्त पाहण्याची परवानगी दिली आणि द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक खात्री मागणारी सोय) सुरू केली. ही पडताळणी मुळात बंद ठेवून ॲपच्या आतल्या पानांत दडवलेली आहे, हा मला गंभीर दोष वाटतो.

राउटरमध्ये यूपीएनपी ही सोय सुरू होती. तिच्यामुळे घरातले कोणतेही उपकरण मालकाला न विचारता बाहेरून आत येण्याची वाट उघडू शकते. मी ती बंद केली, तरी कंपनीच्या सर्व्हरमार्फत थेट चित्र पूर्वीसारखेच दिसत राहिले. चवथीला गणपतीवर फळे-भाज्यांची माटोळी बांधायच्या दिवसापासून घर पाहुण्यांनी भरते आणि प्रत्येकाला वाय-फाय हवे असते, म्हणून पाहुण्यांसाठी निराळे नेटवर्क ठेवले आणि कॅमेऱ्यांना त्यांचे स्वतंत्र दिले. इंटरनेट देणाऱ्याच्या राउटरमध्ये ही विभागणी होत नव्हती. त्यासाठी दुसरा राउटर घ्यावा लागला. तो खर्च कॅमेऱ्याच्या किमतीतच धरावा, असे मी सांगेन.

राजांगणातला कॅमेरा दिवाळीनंतर काढला. आईला तिथे मोकळेपणाने बसता येत नव्हते, आणि खिडकी-दाराकडे लक्ष ठेवायला अंगणातला पुरेसा होता. दुसऱ्याला देण्यापूर्वी तो खात्यातून वगळला, मूळ स्थितीत आणला आणि मेमरी कार्ड काढून ठेवले.

सर्वांत मोठी नाराजी अपडेटबद्दल आहे. सुरुवातीला ते नियमाने येत होते, नंतर थांबले, आणि किती काळ मिळत राहतील असे लेखी विचारल्यावर कंपनीने वर्षाचा उल्लेख नसलेले गुळमुळीत उत्तर पाठवले. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्व उपकरणांना सारखाच सोपा पासवर्ड देण्यास बंदी आहे आणि सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत देणार हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. भारतातही एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी प्रयोगशाळेतील सुरक्षा-चाचणीची अट लागू झाली आहे. तरीही अपडेटची मुदत दुकानदाराला विचारावीच.

अंगणातला कॅमेरा सध्या ठेवला आहे. येत्या पावसाळ्यापर्यंत अपडेट आले नाहीत, तर राउटरमधून त्याचा इंटरनेट बंद करून तो केवळ मेमरी कार्डावर चित्रण करील अशी व्यवस्था करणार आहे, आणि या कंपनीचा दुसरा कॅमेरा घेणार नाही.