साइटवर जाऊन जेसीबी-पोकलेन दुरुस्ती आणि कर्जावरची पिकअप: पाडवा ते दिवाळीचा अनुभव

2025 च्या पाडव्याला 1.7 टनी पिकअप घेतली, मागं सर्व्हिस बॉडी, म्हणजे हत्यारं-सामानाच्या पेट्या, बांधून घेतली आणि दिवाळीपर्यंत तिच्यावरच धंदा केला. गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या कराड-पाटण भागात घरटी दिसणाऱ्या दोन-तीन पिकअपपैकीच एक आहे, आणि नाव घेतलं की बोलणं मायलेजवर जातं ते परत येत नाही. मला बोलायचंय ते हप्त्याबद्दल आणि मागच्या पेट्यांत काय ठेवलं त्याबद्दल.

आमचं काम म्हणजे जेसीबी, पोकलेन, कधीमधी रोलर आणि क्रशरवरचे लोडर. कंपनीच्या डीलरची वॉरंटी संपली की मशीन आमच्यासारख्या सुट्ट्या मिस्त्रींकडे येते. 'येते' म्हणजे आपणच जायचं, कारण वीस टनी पोकलेन गॅरेजला आणायची तर ट्रेलरचं भाडं दुरुस्तीपेक्षा जास्त होतं. मोटारसायकलवर बॅग बांधून जायचे दिवस सगळ्यांनी काढलेत. त्यात अडचण अशी की पहिल्या फेरीत फक्त रोग कळतो. मग पाइप खोलायचा, कराडला किंवा थेट कोल्हापूरजवळच्या शिरोलीला जाऊन नवा बनवायचा आणि परत जायचं. तोवर मालकाची मशीन उभी. जेसीबीचं भाडं आमच्याकडे तासाला हजार-बाराशे धरा, म्हणजे एक दिवस मशीन थांबली की मालकाचे आठ-दहा हजार गेले. त्यामुळे आपल्या मजुरीवर तो घासाघीस करतो, पण 'आज चालू होईल का' याच्यावर करत नाही.

म्हणून गाडीत सगळ्यात आधी चढलं ते हातपंपावर चालणारं होज क्रिंपिंग मशीन, म्हणजे पाइपाच्या टोकाला फिटिंग दाबून बसवणारं. हायड्रॉलिक पाइप फुटणं हे या धंद्यातलं रोजचं दुखणं. अर्धा इंची आणि पाऊण इंची दोन तारेचा (तारेचे दोन थर असलेला) पाइप, दगड फोडायच्या ब्रेकरच्या लाइनसाठी चार तारेचा, फिटिंगचे डबे, ओ-रिंगची पेटी, एवढ्यावर बहुतेक बोलावणी एका फेरीत निपटतात. फक्त पाइप कापल्यावर आतला रबराचा आणि तारेचा चुरा हवा मारून काढायचा. ते केलं नाही तर तो चुरा थेट कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो आणि दीड हजाराच्या पाइपापायी व्हॉल्व्ह ब्लॉक खोलायची पाळी येते. वीस टनी पोकलेनचं मेन प्रेशर चौरस सेंटिमीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास असतं, तिथं अर्धवट दाबलेली फिटिंग माणसाच्या अंगावर येते. पोऱ्याला हे काम एकट्याला मी अजून देत नाही. क्रिंपिंग मशीन नसेल तर पिकअप घेऊन फक्त पाने-पक्कड फिरवण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी सामान: वेल्डिंगचा इन्व्हर्टर सेट आणि त्याला पेट्रोल जनरेटर, छोटा कॉम्प्रेसर, ट्रायपॉड आणि चेन ब्लॉक (वजन उचलायची तिपाई आणि साखळीची कप्पी), बादलीचा ग्रीस पंप, प्रेशर गेज, 68 नंबर हायड्रॉलिक ऑइलच्या बादल्या, मागच्या उजव्या कोपऱ्यात वाइस. हे सगळं मिळून सहा-सातशे किलो कायमचं अंगावर असतं, म्हणून 1.7 टनी. छोट्या गाडीचा एक फायदा मात्र खरा आहे. एकूण भारासकट 3000 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. माझी त्याच्या वर जाते, त्यामुळे परमिटचा कागद सांभाळावा लागतो. लायसन्सची चिंता पोऱ्याला होती. पण सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं 6 नोव्हेंबर 2024 ला स्पष्ट केलंय की साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर एकूण भारासकट 7500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. तो प्रश्न मिटला.

बऱ्याच जणांनी मागं छोटी क्रेन बसवायला सांगितलं. मी नाही बसवली. वजन वाढतं, आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल केला की आरटीओची मंजुरी घ्यावी लागते, नाहीतर अपघाताच्या वेळी विमा कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं. ट्रायपॉड आणि चेन ब्लॉकवर जेसीबीच्या बूमचा जॅक (हायड्रॉलिक सिलिंडर) आरामात निघतो. वेळ जास्त लागतो एवढंच. विम्याचं आणखी एक: गाडीच्या पॉलिसीत आतली हत्यारं येत नाहीत. गाडी चोरीला गेली तर गाडीचे पैसे मिळतील, क्रिंपिंग मशीनचे नाही. त्याची पॉलिसी वेगळी घेतली.

आता कर्ज. शोरूममध्येच एका फायनान्स कंपनीचा माणूस बसलेला असतो. 8 लाखांवर '8 टक्के', 5 वर्षं, कागद कमी, दोन दिवसांत गाडी दारात. हे 8 टक्के फ्लॅट असतात. म्हणजे दरवर्षी पूर्ण 8 लाखांवर 64 हजार व्याज, मूळ रक्कम कितीही फिटली असली तरी. पाच वर्षांचे 3 लाख 20 हजार, हप्ता 18,667. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर 14 टक्क्यांच्या वर जातो. मी बँकेत मुद्रा योजनेतल्या 'तरुण' गटात अर्ज केला. त्यात 5 ते 10 लाखांपर्यंत तारण न ठेवता कर्ज मिळतं. दर साडेदहा टक्के, घटत्या शिलकीवर, हप्ता 17,195. पाच वर्षांत फरक 88 हजारांचा, म्हणजे माझ्या मागच्या बॉडीचा निम्म्याहून जास्त खर्च. त्यासाठी बँकेनं चकरा मारायला लावल्या हे खरं. आयकर विवरणपत्रं, जीएसटीचे रिटर्न, लघुउद्योगाची उद्यम नोंदणी, कोटेशन, मागच्या कामांची बिलं. ज्याचा सगळा व्यवहार रोखीत आणि वहीत आहे त्याला बँक उभी करणार नाही, त्याला फ्लॅटवाल्याकडेच जावं लागेल.

कुठंही घ्या, सही करायच्या आधी 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेनं किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना ते सक्तीचं केलंय. त्यात प्रोसेसिंग फी, माथी मारलेला विमा, सगळं धरून वार्षिक खरा दर एका आकड्यात लिहिलेला असतो. माणूस तोंडी 8 म्हणतो, त्या कागदावर 15 दिसतात.

पण दरापेक्षा मोठा प्रश्न हप्ता किती झेपेल याचा. गाडी घेणारे एप्रिल-मेची कमाई बघून हप्ता ठरवतात. तेव्हा विहिरी, शेततळी, रस्ते, सगळं एकदम चालू असतं आणि फोन खाली ठेवता येत नाही. 2025 मध्ये काय झालं बघा. मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, 26 मे ला मान्सून मुंबईत पोचला. ज्या महिन्यात मशीन रात्रंदिवस चालतात त्या महिन्यात शेतात चिखल. पहिला हप्ता गेला आणि फोन थांबले. मी हप्ता जुलैच्या धंद्यावर बेतला होता: घाटात दरड कोसळली तर लागणारं काम, क्रशरवरची देखभाल आणि उभ्या मशीनची मोठी कामं, एवढंच धरून. म्हणून झोप उडाली नाही. फायनान्सवाला बॉडी आणि हत्यारंही कर्जात बसवायला तयार होता. तसं केलं असतं तर हप्ता 22 हजारांच्या पुढे गेला असता आणि जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीसच्या बादलीलाही उधारी मागावी लागली असती.

पावसाळ्यात काम नसतं असं नाही, कामाची जात बदलते. मशीन उभी असते तेव्हाच मालक पिन-बुश, जॅकचे सील किट, ट्रान्समिशन काढायला तयार होतो. त्या कामाला पैसे जास्त, पण ते दिवाळीनंतर मिळतात. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला कापला जातो. म्हणून आता व्हिजिटचे पैसे आधी यूपीआयवर: वीस किलोमीटरच्या आत हजार, पुढं किलोमीटरला 20 रुपये. सुरुवातीला लोक म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही पण आता डॉक्टर झालात व्हय?" पण देतात. मोठ्या ठेकेदारांची गोष्ट वेगळी, ते 'बिल टाका' म्हणतात आणि विसरतात. त्यांना उद्यम नोंदणी नंबर बिलावर छापून देतो. लघुउद्योगाचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यायचे असा कायदा आहे, आणि आयकराच्या कायद्यानं मुदत उलटून वर्षअखेरीलाही थकलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. कायद्याला ते घाबरत नाहीत, त्यांच्या सीएला घाबरतात.

सप्टेंबरमध्ये मालवाहू गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 वर आला तेव्हा चार जणांनी हळहळ व्यक्त केली. माझी जीएसटी नोंदणी आहे आणि मालवाहू गाडीवर इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे खरेदीत भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा करता येतो. दहा लाखांच्या बिलातले जवळपास 2 लाख 19 हजार मजुरी आणि पार्ट्सच्या बिलांवरच्या करातून हळूहळू वळते होतायत. नोंदणी नसेल त्याला मात्र आताची किंमतच बरी. क्रेडिट घेतलं तर त्या कराच्या रकमेवर घसारा धरता येत नाही, हे सीएला आठवण करून द्यायचं.

गाडी म्हणून सांगायचं तर वजन घालून 10-11 चं मायलेज, इंजिनाची तक्रार नाही. कुंभार्ली घाटातून चिपळूणच्या साइटवर बऱ्याचदा गेलो. जनरेटर आणि ऑइल केबिनला लागून ठेवलं तर पुढचा भाग जड राहतो आणि वळणावर गाडी ऐकते. मागं टाकलं तर स्टेअरिंग हलकं लागतं आणि भीती वाटते. काळ्या मातीत, इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांवर असलेली गाडी रुततेच. ज्या जेसीबीला दुरुस्त करायला जातो तिलाच आधी चालू करून तिच्याकडून ओढून घ्यायची, असा क्रम ठरलाय. मागच्या पेट्यांच्या दारांना बांधणाऱ्यानं पातळ रबर लावलं होतं, जूनमध्ये सील किटच्या ड्रॉवरमध्ये पाणी. जाड रबर आणि वर पन्हाळी लावल्यावर थांबलं. बॉडी बांधायला देताना हे आधीच लिहून द्या.

राहिला प्रश्न नव्या मशीनचा. 1 जानेवारी 2025 पासून बनणाऱ्या चाकांवरच्या बांधकाम मशीनना स्टेज 5 (धुराच्या प्रदूषणाचे नवे निकष) लागू झालंय, सेन्सर आणि लॅपटॉपशिवाय इंजिनाला हात लावता येत नाही आणि कंपन्यांचं सॉफ्टवेअर आपल्याला मिळत नाही. पण आमच्या पट्ट्यात जुन्या किर्लोस्कर इंजिनाच्या थ्रीडीएक्स जेसीबी अजून ढिगानं आहेत, आणि पाइप, पिन, जॅक, बकेटचं वेल्डिंग यांना कुठलाच सेन्सर नाही. पाच वर्षांचं कर्ज फिटेपर्यंत एवढं काम पुरेल असा माझा हिशेब आहे. बाहेरच्या कंपनीचा एक स्कॅनर बघून ठेवलाय, तो उन्हाळ्यातल्या कमाईतून रोखीत घेणार.