जर्मनीत शिकायला जाताय? वोनहाइम घ्यावं की वेगे

वोनहाइम म्हणजे विद्यार्थी वसतिगृह. वेगे म्हणजे तिघाचौघांनी मिळून भाड्याने घेतलेला फ्लॅट. भाड्याचा हिशोब सगळेच करतात. मी दोन्हीकडे राहिले, आणि मला खरा फरक कळला तो स्वयंपाकघरात.

वोनहाइममध्ये बरेच जण आपल्यासारखेच बाहेरून आलेले. मोहरी तडतडली, हिंगाचा वास सुटला तरी कुणी वळून बघत नाही. विमा, बँक, शहराच्या कार्यालयात पत्त्याची नावनोंदणी यातून कुणीतरी आधीच गेलेलं असतं, त्यामुळे पहिले दोन महिने मोठा आधार मिळतो. पण संध्याकाळी गप्पा मराठी-हिंदीतच रंगतात आणि जर्मन 'हालो', 'चुस'च्या पुढे सरकत नाही.

वेगेत पहिल्याच आठवड्यात माझी फोडणी करपली. सोबतची मुलगी काही न बोलता उठली आणि तिने भर जानेवारीत खिडक्या सताड उघडल्या. मला वाटलं, चिडली. पण ती रोज सकाळी तेच करायची: पाच मिनिटं हवा खेळवायची, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. फ्रीजवर 'पुट्झप्लान', म्हणजे साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता. माझी पाळी चुकली तेव्हा ती तोंडावर म्हणाली, "तू बाथरूम धुतलं नाहीस." आपल्याकडे एवढं थेट बोललं की भांडणच. तिच्या लेखी बोलून विषय संपला होता; अर्ध्या तासाने तिनेच मला चहा विचारला. हा थेटपणा मनाला न लावून घेणं मी त्या घरात शिकले, आणि पुढे प्राध्यापकांच्या शेऱ्यांनी रडू येणं थांबलं.

रविवारी दुकानं बंद, रात्री 10 नंतर शांतता, चार प्रकारचा कचरा वेगळा, एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटली परत केली की 25 सेंट, हे दोन्हीकडे सारखंच.

वोनहाइमसाठी विद्यापीठाचं प्रवेशपत्र हाती येताच अर्ज करा. म्युनिकसारख्या शहरात प्रतीक्षा यादी लांबलचक असते. वेगेसाठी व्हिडिओ कॉलवर मुलाखत होते. करार हाती येण्याआधी अनामत पाठवू नका, आणि नावनोंदणीसाठी घरमालकाचं लेखी पत्र मिळेल का, हे आधीच विचारा.

जर्मन अगदीच कच्चं असेल तर पहिलं सत्र वोनहाइममध्ये काढा. बी-1, म्हणजे जर्मनची मधली पातळी, झाली असेल तर थेट वेगे बघा. जाहिरातीत 'काइने त्स्वेक-वेगे', म्हणजे 'नुसती सोयीपुरती वेगे नाही', असं लिहिलेलं असेल तर तिथे आधी अर्ज करा: त्या मंडळींना नुसता भाड्याचा वाटेकरी नको असतो, एकत्र जेवणारं माणूस हवं असतं.