ताईच्या मेलानोमासाठी करून घेतलेली रक्तातील ट्यूमर डीएनए चाचणी

ताईच्या टाचेवरचा मेलानोमा (त्वचेचा एक कर्करोग) फुप्फुसांत पसरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही एका खाजगी प्रयोगशाळेकडून रक्तातील ट्यूमर डीएनएची, म्हणजे गाठीतून रक्तात उतरलेल्या डीएनएच्या तुकड्यांची, चाचणी सहा महिन्यांत चार वेळा करून घेतली. ज्यांच्या घरी हा निर्णय व्हायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

कोणता जनुकीय बदल शोधणार, हे आधी विचारून घ्यावे. मेलानोमात बहुधा बीआरएएफ जनुकातील व्ही६०० हा बदल पाहतात. तळपायाच्या मेलानोमात मात्र तो कमी आढळतो. ताईच्या बायोप्सीच्या ब्लॉकमध्येही (तपासणीसाठी काढून जपलेल्या गाठीच्या तुकड्यात) तो नव्हता, एनआरएएस या दुसऱ्या जनुकातला बदल निघाला आणि रक्तात त्याचाच माग ठेवला गेला.

नमुना घ्यायला घरी आलेल्या मुलीचे काम चोख होते. तिने दहा मिलिलिटरच्या दोन नळ्या भरल्या, प्रत्येक नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट केली आणि मी फ्रीजमधून बर्फाची पिशवी काढताच मला थांबवले. ही नळी थंड करायची नसते, रक्तपेशी फुटल्या तर त्यांचाच डीएनए मिसळून ट्यूमरचा अंश झाकला जातो, असे तिने समजावले.

या चाचणीचे खरे मोल बाराव्या आठवड्यात कळले. इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध जागवणारे उपचार) सुरू असताना स्कॅनमध्ये फुप्फुसांतल्या गाठी वाढलेल्या दिसल्या आणि आम्ही हबकलो, पण त्याच आठवड्याच्या रक्तात ट्यूमरचा डीएनए सापडला नाही. डीएनएचे हे तुकडे रक्तात काही तासांतच नाहीसे होतात, म्हणून आकडा ताज्या स्थितीचा असतो. सूज प्रतिकारपेशींची असू शकते, असे म्हणून डॉक्टरांनी औषध बदलले नाही आणि पुढच्या स्कॅनमध्ये गाठी आकसल्या होत्या.

तक्रार चौथ्या अहवालाबद्दल आहे. 'आढळले नाही' हे हिरव्या अक्षरांतले शब्द वाचून आम्ही निर्धास्त झालो, आणि डोकेदुखीमुळे केलेल्या एमआरआयमध्ये मेंदूत गाठ निघाली. केवळ मेंदूतल्या गाठींचा डीएनए रक्तात पुष्कळदा उतरतच नाही, ही जाणत्यांना ठाऊक असलेली मर्यादा अहवालात एका ओळीनेही नव्हती. ती छापावी, असे मी प्रयोगशाळेला लेखी कळवले आहे. चाचणी आम्ही पुढेही करणार आहोत. मेंदूचा एमआरआय मात्र रक्ताचा अहवाल कसाही आला तरी दर तीन महिन्यांनी ठरला आहे.